तस्कराचा फोन वाजला तेव्हा

"मॅडम, दिलीपशेठला सोडा. माझे अजून दोन चान्स बाकी हायेत त्यांच्याकडं."

माझ्यासमोर यासीन बसला होता. महाडजवळच्या एका गावचा, आधी आखातात क्रेन चालवायचा. चोरवाटेने युरोपात शिरताना सीमेवर पकडला गेला आणि परत धाडला गेला. दिलीप हा पोलादपूरचा तिकीट एजंट. यासीनला त्यानेच पाठवलं होतं. मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते आणि दिलीपला सकाळीच उचलून लॉकअपमध्ये बसवलं होतं.

"तुझी फसवणूक झाली, असं जबाबात सांग," मी म्हटलं.

"फसवणूक कुठं? एकदा पैसे भरले की तीनदा प्रयत्न करायचा, असं ठरलं व्हतं. एकदाच झाला. आता तुमीच त्यांना आत टाकलंत. मग फसवलं कोणी?"

इथे कायद्यातला एक फरक सांगते. माणसाला धाक दाखवून किंवा फसवून नेलं आणि राबवलं, तर ते ट्रॅफिकिंग. माणूस राजीखुशीने जातो, फक्त सीमा चोरून ओलांडतो, ते स्मगलिंग. पहिल्यात पीडित असतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक. आमच्या डीवायएसपी साहेबांना मात्र पीडितच हवा होता. त्यांना वरून विचारणा होत होती.

"एक तरी रडणारा माणूस दाखवा," ते म्हणाले.

"सर, हा रडतोय. पण एजंटसाठी."

दुपारी दिलीपच्या फोनचा पंचनामा करायला घेतला. म्हणजे जप्त वस्तूची साक्षीदारांसमोर नोंद करायची. पंच येऊन बसतात न बसतात, तोच फोन वाजला. परदेशी नंबर. मी स्पीकर लावून उचलला.

"शेठ, सलीम बोलतोय. आमी तिघं जंगलात अडकलोय. वाटाड्या पळाला. समोर नदी हाय. उतरू काय?"

यासीन ताडकन उठला. "माझा मामेभाऊ, मॅडम!"

तिकडे बर्फ पडत होता. सलीमचे दात वाजत होते, ते इकडे ऐकू येत होतं.

"नदीत उतरू नका," मी म्हटलं. "मी पोलीस अधिकारी बोलतेय."

फोन कट.

नाइलाजाने दिलीपला लॉकअपमधून बाहेर काढलं. हा माणूस स्वतः मुंबईच्या विमानतळापलीकडे कधी गेला नव्हता. पण मोबाइलवरच्या नकाशात ते जंगल त्याला परसासारखं ठाऊक होतं. त्याने फोन लावला. आम्ही सगळे टेबलावर वाकलो, पंचसुद्धा. तेवढ्यात साहेब आत आले.

"हे काय चाललंय?"

"सर, बेकायदा सीमा ओलांडणं थांबवतोय."

"कोण थांबवतंय?"

"आरोपी, सर."

दिलीप फोनवर सांगत होता, "सलीम, नदीचा नाद सोड. मागं फीर. रेल्वेचे रूळ लागतील, त्यांच्या कडेनं चाल, गाव येईल. पोलीस दिसले की हात वर कर."

"शेठ, डोकं ठिकाणावर हाय ना? आपण होऊन पोलिसांना सापडू? तुमच्यावर दबाव हाय काय?"

दिलीपने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"थोडा हाय," तो म्हणाला.

शेवटी यासीनने फोन ओढून घेतला. "सलीम, माझ्या पायाची दोन बोटं थंडीनं सडली, कापावी लागली. तुला नाय सांगितलं, कोणालाच नाय सांगितलं. फीर मागं. मामीला काय तोंड दाखवू मी?"

मग सलीम म्हणाला, "बरं."

पुढचा फोन तिथल्या पोलीस चौकीतून आला. तिघेही जिवंत होते. साहेबांनी वर कळवलं, "तीन पीडितांची सुटका." त्यांचं कौतुक झालं.

काही आठवड्यांनी ते तिघे महाडजवळच्या वीर स्टेशनला उतरले आणि रिक्षा करून थेट पोलीस ठाण्यात आले. मला वाटलं, आभार मानायला आलेत.

"मॅडम, तक्रार लिवून घ्या," सलीम म्हणाला. "नदीच्या पल्याड काम व्हतं, खोली व्हती. आमचा चान्स वाया घालवला."

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"तुमच्याच."

मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला. तक्रार मात्र मागे घेतली नाही.

दिलीपला जामीन राहिला तो यासीन. पुढे खटल्यात चौघेही फितूर झाले, म्हणजे सरकारचे साक्षीदार असून आरोपीच्या बाजूने बोलले. दिलीप सुटला.

नोकरीत त्यानंतरही असे एजंट सापडले. मी पहिला प्रश्न एकच विचारायची, "वाटेत कोण कोण आहे?" बेड्या त्यानंतर.