महेबूबभाईंचा पाय आणि वीसचं ॲव्हरेज

लातूरच्या मार्केट यार्डासमोर माझं बॅटरीचं दुकान आहे. बॅटरी चार्जिंगला लावली की माणूस बसतो, आणि बसला की बोलतो. त्यामुळे माझ्याकडे बॅटऱ्या कमी आणि किस्सेच जास्त साठलेत! त्यातही शिवलिंगअप्पांच्या गाडीचे तर इतके, की ऐकता ऐकता गिऱ्हाईक आपली बॅटरी विसरून जातं.

अप्पा यार्डातले जुने भुसार व्यापारी. तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगणारा माणूस. आयुष्यभर जीपमध्ये फिरले आणि एके दिवशी पुण्याहून सेकंडहँड आणली, ती छोटी, बुटकी, चकचकीत परदेशी सेडान. डिझेलची आणि बिनगिअरची! यार्डात हमाल, मापाडी, सगळे गोळा झाले. एकाने भीतभीतच बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "अप्पा, ॲव्हरेज किती देती?"

अप्पा डोकं खाजवायला लागले. गाडी घेताना रंग बघितला, सीटा बघितल्या, नेमकं हेच विचारायचं राहिलं होतं!

* * *

पहिल्याच आठवड्यात अप्पा डिकीत डोकं घालून काहीतरी शोधत होते.

"हिची स्टेपनी कुठाय?"

मी ओळखीच्या टायरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, या गाडीला स्टेपनी नसतेच. तिचं टायर पंक्चर झालं तरी थोडं अंतर तसंच चालतं. मग त्याने एका टायरची किंमत सांगितली. अप्पा माझ्या स्टुलावर मटकन बसले.

"एका टायरात दोन शेळ्या येत्यात की रे! म्हंजी मी रोज आठ शेळ्या रस्त्यावर घासून राहिलो?"

तेव्हापासून गाडी गेटातून आत आली, की कुणीतरी ओरडायचंच, "आल्या बघा शेळ्या!"

* * *

आता महेबूबभाई. साठीचे, पांढरी दाढी, कमी बोलणारे. तीस वर्षं ट्रक चालवला, आणि क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. घरी बसले होते. अप्पांची गाडी बिनगिअरची, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही! अप्पांनी त्यांना बोलावून घेतलं. आमच्या ओळखीत तसली गाडी ती एकच. ती आहे तोवर महेबूबभाई ड्रायव्हर, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी ते दोघं निघाले आणि चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली, तसं इंजिन आपोआप बंद पडलं. डिझेल वाचावं म्हणून या गाडीत तशी सोयच आहे. पण अप्पांना काय माहीत! महेबूबभाई तोंड उघडायच्या आत अप्पा खाली उतरले आणि ओरडले, "या रं, धक्का मारा!"

पानपट्टीवरची तीन पोरं धावली. इकडे हिरवा दिवा लागला, महेबूबभाईंनी ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी सुळकन निघून गेली. पोरं आपल्या हातांकडे बघत राहिली. "अप्पा, लई हलकी गाडी हाय हो!"

अप्पा चौकाच्या मधोमध एकटेच उभे! महेबूबभाई पुढून वळून परत आले आणि काच खाली करून शांतपणे म्हणाले, "अप्पा, काम नसलं की ही गप बसती. आपल्याला बी जमलं पाहिजे."

* * *

एकदा मी त्यांच्यासोबत अहमदपूरला गेलो. निघायच्या आधी महेबूबभाईंनी चप्पल काढून बाजूला ठेवली. मला वाटलं, गाडी परदेशी म्हणून आदर असेल. पण ते म्हणाले, "चपलेतून डिझेल कळत न्हाई."

मी त्यांच्या पायाकडेच बघत बसलो. लांबवर स्पीडब्रेकर दिसला की पाय अलगद वर. समोर टेम्पो हळू झाला की यांचा पाय त्याच्या आधीच वर. चाकूर मागे पडलं. अहमदपूर आलं. सबंध रस्त्यात त्यांनी ब्रेक लावला तो फक्त चार वेळा, आणि त्यातला एक म्हशीसाठी! मागे बसलेल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळला नसता.

"ब्रेक म्हंजी काय शेठ?" ते म्हणाले. "जाळलेलं डिझेल फेकून द्यायचं. आधीच बघितलं तर फेकायची पाळी येत न्हाई."

वीस वर्षं गाडी चालवतोय मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

पण अप्पांची मंडळी, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना ही गाडी पहिल्यापासून खुपत होती. "जीप काय वाईट होती?" हा रोजचा सवाल. अप्पांनी ठरवलं, ॲव्हरेज काढून दाखवायचं. गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. लातूरला टाकी फुल, नांदेडला पुन्हा फुल, मध्ये किती लागलं ते बघायचं!

महेबूबभाई सुट्टीवर होते, म्हणून एसी बंद ठेवून गाडी मीच चालवली. लातूरच्या पंपावर आम्ही दोघांनी गाडी गदागदा हलवली, फेस बसवला, काठोकाठ डिझेल भरलं. नांदेडला भरलं आणि हिशेब केला, तर सव्वीस! अप्पांनी तिथूनच पेढे घेतले. यार्डात वाटले, अक्कांनाही दिले.

दुसऱ्या दिवशी महेबूबभाईंनी पेढा हातात धरून विचारलं, "नांदेडला बी गाडी हलवली होती का?"

मी अप्पांकडे बघितलं. नांदेडला नळी थांबली तसं आम्ही झाकण लावलं होतं, म्हणजे फेसाच्या जागेतलं डिझेल हिशेबातून सुटलं होतं! महेबूबभाईंनी पेढा परत पुडक्यात ठेवला!

* * *

ते अक्कांच्या कानावर गेलंच. त्यांनी फर्मान काढलं, "आता म्या संगं येते. खरं वीस दिलं तर ठेवा. न्हाई तर इकून टाका."

लातूरला महेबूबभाईंनी गाडी हलवून हलवून टाकी भरली. मग चप्पल काढली. आम्ही नांदेडला निघालो. एसी चालू, अक्का मागे, अप्पा पुढे. माझ्या हातात मोबाईलचं कॅल्क्युलेटर.

नांदेडच्या पंपावर नळी खटकन थांबली. मी आकडा टाकला. तेवीस! अप्पा घाईघाईने म्हणाले, "झालं, झालं! लावा झाकण!"

महेबूबभाई अनवाणीच खाली उतरले. लंगडत मागे गेले, दोन्ही हात गाडीला लावले आणि हलवायला लागले.

"अहो, कशाला?" अप्पांचा आवाज रडवेला झाला होता.

"लातूरला हलवली होती अप्पा. हितं बी हलवाय पायजे."

फेस बसला. आणखी डिझेल गेलं. ते पुन्हा हलवत राहिले, दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता. पुन्हा गेलं. आपलीच नोकरी हा माणूस स्वतःच्या हातांनी हलवून काढतोय, असं मला वाटलं आणि बघवेना. काठाशी डिझेल दिसलं तेव्हाच ते थांबले.

मी हिशेब केला. पुन्हा केला. एकोणीसच्या वर, पण वीसच्या आत.

अक्कांनी काच खाली केली.

"किती आलं?"

मी सांगितलं. त्या महेबूबभाईंकडे बघत राहिल्या. ते घाम पुसत उभे होते.

"टाकी काठोकाठ भरली न्हवं?"

"हाव अक्का."

"मंग बसा. इकायचं ऱ्हाऊ द्या. माहूरला घ्या गाडी. देवीचं दर्शन करून येऊ."