मारक्या बैलालाही आवतन

माझा धाकटा भाऊ भिंतीपलीकडे उपाशी मरत होता, अन् मी इकडे बैलांचे खांदे शेकायला तूप गरम करत होतो. पोळ्याचा आदला दिवस होता.

शाळा मी लहानपणीच सोडली, पण कोणापुढं वाकलो नाही. हात जोडले ते एकदाच, या भावापुढं. माझ्या बायकोला वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला. डांबरी रस्त्याची जवळची वाट त्याच्या वावरातून जायची. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात त्यानं तिथं बोरीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या. मी ओरडलो, रडलो. तो धुऱ्यावर उभा राहिला, एक काटी हलवली नाही. बैलबंडी लांबून फिरवून नेली. घाटंजीचा दवाखाना यायच्या आत ती गेली.

यंदा त्याला लकवा मारला. त्याची बायको आधीच वारलेली, पोरगा दूर कंपनीत. माझी सून ताट नेऊन द्यायची. त्या संध्याकाळी ती भरलं ताट घेऊन परत आली.

"मामाजी, ते तोंडच उघडत नाहीत. म्हणते, ज्याचं अन्न त्यानं बोलावलं काय? बिनआवतनाचा मी जेवत नाही."

"मरू दे मंग."

"निस्त्या पाण्यावर हायेत. मी काय करू, तुमीच सांगा."

एकाच बापाचे आम्ही. माज तोच.

देवापुढं बसलो. 'सगळ्यांवर दया कर' असं मी रोज म्हणतो. त्या दिवशी अर्ध्यातच थांबलो, कारण सगळ्यांत तोही आला. म्हटलं, देवा, याच्यासाठी माझ्यापाशी दया नाही. लय शोधली. तुझ्यापाशी असंल तर दे, नाहीतर मलेच उचल.

उठलो. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावली अन् दरवर्षीसारखं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यातला एक मारका. त्यानं माझी बरगडी मोडली होती. त्यालाही आवतन दिलं. पोळ्याला बैलाचा गुण कोण पाहते? हात त्याच्या खांद्यावर होता, तिथंच थांबला.

वाटीत तूप उरलं होतं. ते घेऊन भावाच्या खोलीत गेलो. मुताचा वास मारत होता. त्याचा लुळा खांदा चोळला. हाडच लागत होतं हाताला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाकड्या तोंडानं तो म्हणाला, "मले बैल समजून राह्यला काय, भाऊ?"

"बैल बरा. तो वाटंवर काट्या टाकत नाही."

त्यानं मान भिंतीकडं फिरवली. संपलं, वाटलं मला. मी वाटी उचलली, तसा तिकडूनच आवाज आला.

"पुरण पातळ कराले सांगजो तिले. गिळवत नाही मले."

माफ केलं काय त्याला? नाही. ती वाट दिसली की अजून छाती फाटते. पण आता ताट मीच नेतो. आवतन दिल्याशिवाय तोंड उघडत नाही हरामखोर, रोज नवं द्यावं लागते. म्हणून दारात थांबून आधी देवाजवळ दया मागतो, मंग आत जातो. कालचं आजला पुरत नाही.