मुंग्यांनी खाल्लेलं रक्त

चांद्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण रक्त तपासायचं काम शिकत होता. मी आमच्या चळवळीची पत्रकं वाटायला जायचो तेव्हा तो खिडकीशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेला असे. "मलेरिया आहे की नाही, पटकन सांग," म्हटलं की मान न उचलता म्हणायचा, "थांब ना भाऊ, पाहून राह्यलो." गावं तापाने फणफणत असताना त्याच्या या सावकाशीची मला चीड यायची.

एकदा पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलगावातून त्याने काचपट्ट्यांवर रक्त घेतलं आणि काचा उघड्यावरच वाळत ठेवल्या. मुंग्यांनी रक्त खाऊन काचा कोऱ्या केल्या. वरिष्ठ म्हणाले, "जंतू नाहीत असं लिही आणि मोकळा हो. उद्या परीक्षा आहे तुझी." तसं लिहिलं असतं तर गावाला औषध मिळालं नसतं. याने वहीत लिहिलं, "काचा झाकल्या नाहीत, मुंग्यांनी रक्त खाल्लं. चूक माझी." आणि सायकल काढली. मीही सोबत गेलो.

गावातली म्हातारी भडकली, "काऊन रे, पहिलं रक्त कुठी सांडलं?"

"मुंग्या खाऊन गेल्या, बाई. माह्यीच चूक."

"आता मुंग्यायलेही ताप येईन!" म्हणत ती हसली आणि तिने बोट पुढे केलं.

नव्या काचांत जंतू सापडले, गावात औषध पोचलं. त्याची परीक्षा मात्र हुकली.

सरकारच्या चुकांवर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. "चूक माझी" म्हणणारा सरकारी माणूस मला तोवर भेटला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, आमच्या मंडळींतही नाही.