टँकरवाले दाजी

तगादा लावण्याआधी जेवणाची चौकशी करणारा माणूस मी एकच पाहिला. रोज दुपारी फोन यायचा, "साहेब, जेवलात का?" मी हो म्हटलं की लगेच, "मग भरताय कधी?" एकदा मी "अजून नाही जेवलो" म्हणालो, तर म्हणाले, "आधी जेवा. उपाशी माणसाला आमी मागत न्हाई." आणि फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर मी उपाशीच राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "साहेब, एवढे उपास आमची आजीबी करीत न्हाई."

ते केजचे, क्रेडिट कार्डाच्या वसुलीवर. मी चौसाळ्याचा, बीडच्या एका कॉलेजात कारकून. कार्ड घेतलं ते स्टॉलवरच्या मुलीनं मला "सर" म्हटलं म्हणून. कॉलेजात शिपाईसुद्धा मला "ओ" म्हणतो. कार्डावर पहिलं काय घेतलं, तर घरात पळायचं मशीन. दोनदा पळालो, मग आईनं त्यावर सांडगे वाळत घातले. बिलावर 'किमान रक्कम' असायची, तेवढी मी इमानदारीनं भरायचो. बाकीची बँक मोठ्या मनानं सोडून देते, असा माझा समज! त्या आनंदात दुसरं कार्ड काढून मोटारसायकल घेतली. समज फिटला तेव्हा पगार व्याजालाही पुरत नव्हता.

वडील गेल्यापासून घरचा कारभार माझ्याकडे, आणि आईचा माझ्यावर आंधळा विश्वास. म्हणून या वसुलीवाल्यांचा नंबर मी 'पाण्याचा टँकर' या नावानं ठेवला होता. आई म्हणायची, "टँकरवाला रोज फोन करतोय, मग पाणी कावून येत न्हाई रे?"

एका रविवारी टँकरच दारात आला. मी दळण आणायला गेलतो. तेव्हा धाकट्या बहिणीसाठी, शीलासाठी, स्थळं बघणं चालू होतं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, "साहेब हायेत का?" ही अदब, आईनं ओळखलं, मध्यस्थानं पाठवलेला मुलगा! मी परतलो तर ते पोहे खात होते आणि समोर शीला साडी नेसून बसली होती.

"काम काय करता?" आईनं विचारलं.

"बँकेचं," ते म्हणाले आणि बुडत्या माणसासारखे माझ्याकडे बघू लागले.

स्टँडवर सोडताना मी खेकसलो, "सांगितलं का नाही?"

"कर्जाचं घरच्यांम्होरं बोलायचं न्हाई, नियम हाय. मी गप बसलो, तर पोहे आले. पोह्यामागं त्या आल्या."

"मग उठायचं ना!"

"उठलोच होतो," ते चक्क लाजले, "पण त्यांनी इचारलं, जेवूनच जाता का? साहेब, एवढ्या वर्षांत मला उलट कुणी इचारलंच न्हाई."

शीलालाही ते पसंत पडले होते. निरोप मात्र येईना. दार वाजलं की शीला आधी उठायची. शेवटी मीच टँकरला फोन केला.

"पसंत हाय हो," ते म्हणाले, "पण वसुलीच्या घरात सोयरीक केली तर लोक म्हणतील, पैशापायी पोरगी उचलली. आधी कार्डं संपवा."

बहिणीचं लग्न माझ्या मशीनवर अडलं होतं! ते बीडच्या एका जिमला विकलं; सांडग्यांच्या वासापायी भाव पडला. मोटारसायकल गेली. उरलेलं पतसंस्थेच्या स्वस्त कर्जातून फेडून दोन्ही कार्डं बंद केली. ही वाटही त्यांनीच दाखवलेली. त्याच संध्याकाळी होकार आला. शीलाच्या लग्नासाठी सोमवार धरणारी आई म्हणाली, "बघ, माझ्या उपासाला फळ आलं." मी म्हणालो, "माझ्याबी."

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला जपा म्हणून. ज्या कानानं माझ्या सगळ्या थापा ऐकल्या, तो आयता हाती आला होता. मी मनापासून पिळला. दाजी कळवळत पुटपुटले, "पाव्हणं, पतसंस्थेचा हप्ता परवा हाय."

आता दर महिन्याला हप्त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो. फोनमधलं नाव मी बदललेलं नाही, आता ते त्यांनाही ठाऊक आहे. "जेवलात का?" ऐकलं की आजही माझ्या तोंडून आधी "अजून नाही" निघतं. मागून शीलाचा आवाज येतो, "माझ्या भावाशी एवढं काय कुजबुजता हो?"

दाजी अजूनही नियमाचे पक्के. "काई न्हाई," ते म्हणतात, "टँकरचं इचारत होतो."