सातवा जून आणि माझा कोट

सासूबाईंसाठी घेतलेलं किलोभर चीज कोटाच्या उजव्या खिशात होतं. खुंटी रिकामी सापडेना, म्हणून मी कोट एका दांडीला अडकवला. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. दांडी नायट्रोजनच्या नळाची होती. उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.

हे सगळं इटलीत, आब्रुत्सोतल्या एका डोंगराच्या पोटात, दीड किलोमीटर दगडाखाली घडलं. तिथे तांब्या-शिशाच्या पेटीत आमचे पंचवीस स्फटिक ठेवलेले आहेत. विश्वात न दिसणारं काहीतरी भरून राहिलंय आणि पृथ्वी त्यातून धावतेय, असं आम्ही मानतो. सूर्याभोवती फिरताना जूनच्या सुरुवातीला ती समोरच्या वाऱ्यावर जोरात जाते, डिसेंबरात जरा हळू. म्हणून स्फटिकांतल्या बारीक चमका जूनमध्ये थोड्या वाढायला हव्यात. सहा वर्षं त्या वाढल्या होत्या. आलेखावर सहा टेकड्या! सातवी आली तर जुलैतली रोमची समिती प्रयोग चालू ठेवणार होती, नाहीतर स्फटिक खोक्यांत.

दगडातून मात्र रेडॉन नावाचा वायू झिरपतो आणि तोही चमका मारतो. तो आत शिरू नये म्हणून पेटीत सतत नायट्रोजन सोडायचा. हे काम पान्फिलोकाकांचं. वय चौसष्ट, एकोणीस वर्षं असलेच नळ, येत्या फेब्रुवारीत पेन्शन. पेटीतून निघणारा वायू तेलाच्या बरणीतून बुडबुडत बाहेर येतो. काका यंत्राच्या काट्याकडे ढुंकून पाहत नाहीत, बुडबुडे ऐकतात. घरी बायकोचं ऐकत नाहीत ते सगळं इथे ऐकून काढतात, असं त्यांची बायकोच सांगते.

अठ्ठावीस मे. मी नऊला कोट अडकवला. बाहेरची टाकी भरून काका अकरा वीसला आले आणि दारातच थांबले.

"ऐक."

"काय? काहीच ऐकू येत नाही, काका."

"तेच तर."

मेलेला कावळा उचलावा तसा त्यांनी दोन बोटांनी माझा कोट उचलला आणि दांडी उभी केली. बरणी पुन्हा बोलायला लागली.

"कधी अडकवलास, डॉक्टर?" काकांनी विचारलं. मला ते एरवी नावाने हाक मारतात. डॉक्टर झालो की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"नऊला. पण दांडी तेव्हा उभीच होती, आईशप्पथ!"

"मग हळूहळू बसली. पेटीतला वायू पस्तीस मिनिटं पुरतो. पावणेअकरानंतर बसली असेल तर वाचलो. आधी बसली असेल तर रेडॉन सांदीकोपऱ्यात घुसला. चार दिवसांत जेमतेम निम्मा होणार. तीन आठवडे धरून चाल. म्हणजे जून गेला."

"काका, पण रेडॉनने चमकांचा आकडा चढणारच ना? आपल्याला हवा तसाच?"

"म्हणूनच भीती. घसरला असता तर तूच बोंब मारली असतीस."

तेवढ्यात आमच्या प्रमुख, प्रोफेसर ओत्ताव्या मार्सिली, कागद नाचवत आत आल्या. या बाईंना मी आठ वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं. "चढतोय! सकाळपासून चढतोय! अगदी वेळेवर!"

"तो चीजमुळे चढतोय, बाई," काका म्हणाले.

बाईंनी आधी काकांकडे, मग कोटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा वरचा डोंगर हलका वाटला.

"पाच मिनिटंच बंद असेल, पान्फिलो," त्या हळूच म्हणाल्या.

"असेल. बघू की."

काकांनी कपाटातून तसलाच जादा नळ काढला, टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला, दांडी उभी केली आणि चीजसकट माझा कोट तिला लटकवला. नऊ ते पावणेअकरा, म्हणजे पावणेदोन तास टिकला तर सातवा जून आमचा. आम्ही तिघं स्टुलांवर बसलो. आयुष्यात मी कुठल्याही कोटाकडे इतकं टक लावून पाहिलं नाही, स्वतःच्या लग्नातल्यासुद्धा.

दहा मिनिटं. वीस. दांडी जागची हलेना. तिसाव्या मिनिटाला बाईंच्या ओठांवर हसू आलं. मी मनातल्या मनात गावच्या संताला मेणबत्ती कबूल केली. काकांच्या कपाळावर घाम होता. हा म्हातारा एवढा का घामाघूम झालाय, ते मला उशिरा कळलं. आमच्या दोघांपेक्षा तो जून त्यांनाच जास्त हवा होता. पुढचा त्यांच्या नशिबात नव्हता.

सदतिसाव्या मिनिटाला दांडी सुस्कारा टाकल्यासारखी खाली आली.

"हा नळ नवा आहे," बाई घाईने म्हणाल्या. "तो जुना, घट्ट."

"जुना जास्त वापरलेला, म्हणजे सैल," काका म्हणाले. "पुन्हा लावतो. एकदाचं काही खरं नसतं."

दुसऱ्यांदा एक्केचाळीस मिनिटं. तिसऱ्यांदा तेहेतीस. चौथ्यांदा लावा, असं कुणी म्हणालं नाही.

काकांनी नोंदवही उघडली. ठसठशीत अक्षरात लिहिलं: नळ अंदाजे नऊ चाळीस ते अकरा वीस बंद. कारण, कोट. उजव्या खिशात चीज, एक नग.

"चीज लिहायलाच हवं का?" मी कळवळलो.

"वजन काय हवेतून आलं?"

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी हातातला कागद उलटा केला आणि मागे तारखा लिहिल्या: अठ्ठावीस मे ते अठरा जून, वगळावे. पेन वहीवर ठेवून त्या बाहेर गेल्या. यावेळी पळत नव्हत्या.

जुलैत समितीने ती वही मागवली. चीजपाशी तिथले म्हातारे हसले म्हणे, आणि मग गंभीर झाले. सहा टेकड्या आणि एक खड्डा, यावर त्यांना होय म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. आणखी एक जून दिला.

मी ही बातमी घेऊन धावतच काकांकडे गेलो. ते बरणीपाशी कान देऊन बसले होते. हातात सँडविच, त्यात चीज. कुठलं ते मी विचारलं नाही. सासूबाईंना मी दुसरं नेऊन दिलं होतं.

"पण काका, पुढच्या जूनला तुम्ही नसणार! बुडबुडे कोण ऐकणार?"

"तू, आणि कोट घरी ठेवून यायचं."