कुकूमावशी नऊवर थांबली

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा पाळणारं. लेकराला ताप आला तर गोळी द्यायची, दृष्ट काढत बसायचं नाही. शेजारणीने दाराला लिंबू-मिरची बांधली की मी तिच्या तोंडावर हसते, त्यामुळे गल्लीत माझं फारसं कोणाशी पटत नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय… पण तीन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका, कुरुंद्यापासून पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. आमची अंगणवाडी म्हणजे एक मोठी खोली, मागे खिचडीपुरती छोटी खोली आणि दोन्हींच्या मध्ये पडदा. तेव्हा रोजची लेकरं दहा. भिंतीवर टीव्ही होता, आणि एका ट्रेनिंगमध्ये मिळालेला पेन ड्राईव्ह. त्यात ‘कुकूमावशीचं अंगण’ या मालिकेचा एक भाग होता, फक्त एक. पूर्वी ही मालिका वसमतला लोकल केबलवर लागायची.

कुकूमावशी म्हणजे जुन्या पिवळ्या लुगड्याची शिवलेली कोंबडी, हातात घालून बोलती करायची. भागाच्या शेवटी ती चोच खाली-वर करत समोरची पिल्लं मोजते. एक… दोन… करत दहापर्यंत जाते आणि “भरलं माझं अंगण” म्हणून पंख फडफडवते. आमच्या लेकरांनी आकडे वाटून घेतले होते. आपला आकडा आला की उडी मारायची. दहावी अल्फिया, सगळ्यात लहान, साडेतीन वर्षांची. रोज तोच भाग आणि रोज तोच दंगा. मला तो झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता आला असता.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. हजेरी मोबाईलवर भरावी लागते, आणि आमच्याकडे नेटवर्क मिळतं ते पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. त्यामुळे मी सकाळी आधी टाकीवर चढायची. तिथून सगळा रस्ता दिसतो. कोण निघालंय, कोण कोपऱ्यावर आलंय ते बघायचं आणि हजर, हजर, हजर दाबत सुटायचं. मग खाली येऊन पुन्हा कोण मोजतंय?

मार्च महिना होता. हळद शिजवायचे दिवस, गावात माणूस दिसत नाही, सगळे शेतात. मदतनीस रजेवर होती. पावणेदहाला टाकीवरून मला अल्फियाच्या वडिलांची, जावेदभाईंची जीप कोपऱ्यावर थांबलेली दिसली. ते सकाळी वसमतची एक खेप मारतात. लाल फ्रॉक घातलेली अल्फिया जीपमधून उतरली आणि अंगणवाडीकडे चालू लागली. मी ‘हजर’ दाबलं.

सव्वादहाला टीव्ही लावला आणि मी पडद्यामागे खिचडी बघायला गेले. पंधरा मिनिटं शांतता मिळते, म्हणून मी त्या कोंबडीवर मनापासून खूश असायची. हातात डाव होता. बाहेर मोजणी सुरू झाली. सात… आठ… नऊ.

आणि थांबली.

मला वाटलं पेन ड्राईव्ह अडकला. तेवढ्यात कुकूमावशीचाच आवाज आला, अगदी नेहमीचा, प्रेमळ. “थांबा… एक कमी आहे. बघा बरं, कोण राहिलं?”

भीती वगैरे काही वाटली नाही, हे खरं सांगते. वाटला तो राग, की वीज गेली का काय झालं. पडदा सारून बाहेर आले तर टीव्ही बंद नव्हता. भाग संपल्यावर जी नावांची पाटी येते ती आली होती. लेकरं गप्प बसली होती. दहावी जागा रिकामी होती.

“अल्फिया कुठं गेली रे?”

“आलीच न्हाई की, मॅडम,” आर्यन म्हणाला. तो आमचा पाच नंबर. “मावशीनं दहा म्हटलंच न्हाई. दाराकडंच बघून राहिली.”

समोरच्या दुकानातल्या काकूंना लेकरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि जावेदभाईंच्या घराकडे पळाले. घराचं पुढचं दार आतून बंद. लिंबाखाली जीप उभी, पण सावली पलीकडे सरकलेली, जीप पूर्ण उन्हात. काचा वर. मी काचेला डोळे लावून बघितलं तर दोन सीटांच्या मधे लाल फ्रॉक दिसला.

नंतर कळलं ते एवढंच. पाण्याची बाटली जीपमध्ये राहिली म्हणून लेकरू अर्ध्या रस्त्यातून घराकडे परत फिरलं. जावेदभाई गाडी लावून घरात कपडे बदलत होते, तेवढ्यात ती मागून चढली आणि दार लागलं. आतली कडी तुटलेली, त्यामुळे तिला ते उघडता येईना. जावेदभाई मागच्या दाराने मित्राच्या मोटरसायकलवर बसून हळदीवर निघून गेले. मी दार ओढलं तेव्हा ती घामाने निथळत होती आणि डोळे अर्धवट मिटलेले. हाक मारली तरी बघेना. ओला पदर तोंडावर फिरवला, खांद्यावर टाकली आणि दिसेल त्या गाडीला हात केला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती बिस्किट मागायला लागली तेव्हा मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडले.

त्या रात्री पेन ड्राईव्ह घरी लावला. आठ, नऊ, दहा, भरलं माझं अंगण. चार वेळा लावला. माझे मालक म्हणाले, “भास झाला असंल तुला.” असेल. पण नऊ लेकरांना एकदम? मी एकेकाला वेगवेगळं बसवून विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या प्रशिक्षणात कुकूमावशी चालवणाऱ्या बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, पिशवीत अजून ती कोंबडी घेऊन फिरणाऱ्या. मी त्यांना जीपचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की मोजताना कधी नऊवर थांबला होतात का. त्या हसल्या.

“तुमाला कोणी सांगितलं? पहिल्यांदा शूटिंग केलं तवा समोर दहा लेकरं बसवली होती. एक पोरगं मधीच उठून दाराकडं गेलं. मी आपली शाळेतल्या बाईची जात, कोंबडी हातात असतानाच म्हणून गेले, थांबा, एक कमी आहे, बघा बरं कोण राहिलं. मग सगळं परत घेतलं. तो तुकडा तवाच पुसून टाकला, कोणाकडंच न्हाई तो.”

मी पाणी प्यायले आणि जागेवर जाऊन बसले. पुढचं ट्रेनिंग काय झालं ते मला आठवत नाही.

गावात सगळे म्हणायचे, मॅडममुळं पोरगी वाचली. जावेदभाई तर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. मला तो हातात घेववेना. शेवटी त्यांना सांगून टाकलं की मी टाकीवरूनच हजेरी लावली होती, आणि अल्फिया दिवसभर मोबाईलवर माझ्याकडे हजर होती. कोंबडीचंही सांगितलं. वाटलं होतं चिडतील.

“ताई, मी बी तिला उतरवलं अन् वळून बघितलं न्हाई,” ते म्हणाले. “ती आत जाईस्तोवर थांबलो असतो तर? ज्यानं कोणी बघितलं त्यानं बघितलं. आपण दोघांनी न्हाई बघितलं.”

डबा तिथेच ठेवून ते गेले.

अल्फिया आता शाळेत जाते. मी अगोदर एकेका डोक्याला हात लावून लेकरं मोजते आणि मगच टाकी चढते. टीव्हीवर अजून तोच भाग लागतो. तो तुकडा कुठून आला, मला माहीत नाही, आणि कोणी सांगेल अशी आशाही नाही. फक्त मोजणी सुरू झाली की आता मी खिचडी सोडून बाहेर येते आणि ती दहा म्हणेपर्यंत दारापाशी उभी राहते.