नमुन्यावर चाललेली गिटार

फुकट मिळालेली वस्तू माझ्या मामेसासऱ्यांइतकी कसून आजवर कोणी तपासली नसेल. विकत घ्यायच्या वस्तूचं तर विचारूच नका. मामा तासगावातले बेदाण्याचे व्यापारी. सगळं आयुष्य सौद्यात गेलं, आणि सौद्यात चार दाणे तोंडात टाकल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. पण बाकीचे व्यापारी सौदा संपला की ही सवय तिथेच ठेवून घरी जातात, मामा ती अंगावर घेऊन हिंडतात. किराणा दुकानात गेले की आधी शेंगदाण्यांची मूठ, मग डाळ दाताखाली धरून बघणार, आणि दुकानदाराने पाठ फिरवली की मीठसुद्धा चाखणार. खारट आहे की नाही याची खात्री नको? साडीच्या दुकानात ते पदराचा सुटलेला दोरा चावून बघतात, त्यामुळे मामी साडी घ्यायला एकट्याच जातात. माझ्या लग्नात ते आचाऱ्याकडून जिलेबीचा नमुना खाऊन आले आणि मग माझ्यासमोर उभं राहून मला इतका वेळ निरखत राहिले, की आता हे मलाही चावून बघणार असं वाटून मी हात मागे घेतला होता.

अशा या माणसाला मागच्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र यायला तयार नव्हती. त्यातली करंगळी तर रुसलेल्या पाहुणीसारखी बाजूला बसून असायची. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी रोज दाबायला रबरी चेंडू दिला. मामांनी तो दाबला, हुंगला आणि परत केला. "ह्यो दाबून काय निगनार हाय? रस न्हाई, बी न्हाई." मग त्यांची नजर भिंतीवरच्या गिटारीवर गेली. ती त्यांच्या मुलाची. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, आणि शिरवळच्या कंपनीत नोकरी लागल्यावर खिळ्यावर अडकवून गेलेली. चेंडूऐवजी हिच्या तारा दाबतो म्हटल्यावर डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, याहून चांगला व्यायाम मला सुचला नसता. आता शिकवणार कोण? मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, मोबाईलवर शिका, वर्गणी भरली की घरबसल्या धडे मिळतात, आणि पहिला आठवडा फुकट असतो. फुकट नमुना हे शब्द कानावर पडल्यावर मामांच्या तोंडावर आजारपणानंतर पहिल्यांदाच रंग चढला, असं मामी सांगतात.

त्या दिवसापासून माझे रविवार गेले. मी सांगलीहून मोटारसायकलवर तासगावला जायचं, नवं ॲप मोबाईलवर घ्यायचं, फुकटचा आठवडा सुरू करून द्यायचा आणि गेल्या आठवड्याचा बंद करायचा. प्रत्येक ॲपला नवा ईमेल लागतो असं मामांचं ठाम मत होतं, ते कुठून आलं कोण जाणे. आधी माझा वापरला, मग माझ्या बायकोचा, आणि शेवटी मामींच्या नावाने एक काढला. परिणामी, आयुष्यात तारेला हात न लावलेल्या मामींना मोबाईलवर दररोज प्रेमळ निरोप यायला लागले, की तुमची गिटार तुमची वाट पाहते आहे, तुम्ही थांबलात का? मामी वैतागून मला विचारायच्या, "कोन हाय ही मेली? माजी भाकरी करपली तर इचारत न्हाई, आन् गिटारीची चौकशी करती!"

आता मामा हे धडे कसे तपासत, ते सांगितलं पाहिजे. गिटार शिकणारा कोणीही माणूस पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. मामा शेवटच्या धड्यापासून करत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "जावईबापू, पेटीच्या वरच्या थराला समदेच चांगला माल लावत्यात. तळात हात घातल्याबिगर कळत न्हाई." त्यामुळे मोबाईलवर एखादा केस वाढवलेला मुलगा विजेच्या वेगाने बोटं पळवतोय, आणि समोर पलंगावर मामा धोतर सावरून, गिटार लहान लेकरासारखी मांडीवर घेऊन, दोनच बोटांनी त्याचा पाठलाग करताहेत, हे दृश्य मी कितीदा पाहिलं. तो काही सापडायचा नाही. पण मामांना त्याला गाठायचं नव्हतंच, त्यांना त्याचा तळ बघायचा होता. दुसरी परीक्षा याहून कडक. धड्याच्या शेवटी गुरुजी म्हणत, आता तुम्ही वाजवा. मामा मुद्दाम चुकीचं वाजवत. बोटं सैल सोडून नुसतं खरडत. मग मोबाईलकडे कान करून बसत. पडद्यावरचा गुरुजी दात दाखवून म्हणे, "वा, फारच छान!" की मामा गिटार बाजूला ठेवत. "बगितलं? आवं, ह्यो ऐकतच न्हाई. डोळं झाकून शाबासकी वाटतोय."

हळूहळू त्यांचा लौकिक झाला. कोणाच्या भाच्याने गिटार घेतली की लोक मामांचा सल्ला विचारायला येत, आणि मामा बेदाण्याच्या भाषेत निकाल देत. एका ॲपचा रंग चांगला, गोडी नाही. दुसऱ्यात खडे फार, म्हणजे मध्ये मध्ये जाहिराती. एक ॲप फारच झगमगीत होतं, त्याबद्दल म्हणाले, "ह्याला गंधकाची धुरी लय दिलीया." धुरीने बेदाणा पिवळाधमक दिसतो, म्हणून हे बोलणं. गिटारीच्या धड्यांवर पैसे घालवावेत की नाही, याबाबत तालुक्यात त्यांच्याइतका जाणकार नव्हता. फक्त त्यांना स्वतःला गिटारीवर अजून काहीही वाजवता येत नव्हतं.

एका रविवारी माझा संयम संपला. मी म्हटलं, मामा, हे आठवड्या-आठवड्याचं पुरे करा, त्या बोटांना एका गुरूची सवय लागू द्या. कुठलं तरी एक वर्षाचं घेऊन टाका, स्वस्तही पडतं. मामा मान खाली घालून तारा पुसायला लागले. मला वाटलं, पैशाचं नाव काढलं म्हणून बिनसलं. घरातले सगळे त्यांना चिक्कू म्हणायचेच. मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा मामी हळू आवाजात म्हणाल्या, "वरसाचं नाव काडू नगासा. दवाखान्यातनं आल्यापास्नं लांबचं कायबी धरत न्हाईत. मोबाईलचा रिचार्ज बारक्यातला बारका मारत्यात. औषदं आठवड्याचीच आना म्हनत्यात. परवा मला म्हनले, जास्तीचं घिऊन ठिवलं आन् मी न्हाई ऱ्हायलो तर वाया जाईल." मी पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं. इतके दिवस ज्याची आम्ही चेष्टा करत होतो तो चिक्कूपणा नव्हताच. हा माणूस आपलं उरलेलं आयुष्य एकेका आठवड्याच्या नमुन्यावर घेत होता, आणि त्याची बोटं त्यामुळेच कुठे पोचत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेचं ॲप वेगळं निघालं. त्यात फुकटच्या आठवड्यात एकदा खऱ्या शिक्षिका समोर येऊन शिकवणार होत्या. वेळेवर मोबाईलमध्ये एक तरुण मुलगी दिसली, नाशिकची, चष्मा लावलेली. मी मोबाईल धरून बसलो. तिने तारांवर चार बोटं ठेवायची साधी एक जागा दाखवली आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही." मामांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. परीक्षा सुरू झाली होती. पण समोर जितंजागतं माणूस, नुसतं खरडलं तर लगेच ओळखेल; म्हणून त्यांनी या खेपेला चूकही मन लावून केली. सगळी बोटं नीट मांडली आणि एकच बोट मुद्दाम शेजारच्या तारेवर दाबून वाजवलं. बेसूर आवाज निघाला.

मुलगी वा म्हणाली नाही. जरा पुढे वाकून बघत राहिली. "काका, मुद्दाम चुकवलंत ना?"

"कशावरनं?" मामा दचकले.

"चुकून चुकणाऱ्याचं बोट लटपटतं. तुमची करंगळी चांगली घट्ट बसली आहे. फक्त शेजारच्या तारेवर."

मामांनी खाली बघितलं. मीही बघितलं. करंगळी तारेवर होती. डॉक्टरबाईंना, चेंडूला, आम्हा कोणालाच न जुमानलेली करंगळी लबाडी करायच्या नादात कामाला लागली होती. मामांनी ती उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग कोणी न सांगता ती बरोबर तारेवर नेली आणि वाजवलं. आवाज जरा बोथट होता, पण सुरात होता. मामी चुलीपुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाई," मामा म्हणाले, "एक गानं शेवटापतूर वाजवायचं म्हनलं तर किती दिस लागत्याल?"

"रोज बसलात तर... तुमच्या हाताचं बघता वर्ष धरू या, काका."

त्या घरात जो शब्द कोणी काढत नव्हतं, तो तिने सहज काढला होता. मी मोबाईल बंद पडला असं काहीतरी सांगायच्या बेतात होतो. पण मामांमधला व्यापारी जागा झाला. "सा म्हयन्यात न्हाई व्हायाचं?"

"नाही हो काका. खोटं कशाला सांगू?"

मामा हसले. भाव न उतरवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना नेहमीच आदर. तिचा निरोप घेऊन झाल्यावर त्यांनी गिटार मांडीवरून उतरवली नाही. करंगळीकडे बघतच म्हणाले, "जावईबापू, वरसाचं भरा."

मी मामींकडे बघितलं. मामींनी पदर तोंडाशी धरला होता.

"म्हंजी पुढच्या सालचा बेदाना शेडवर वाळून सौद्याला येऊन जानार," मामा स्वतःशीच म्हणाले. "तवर ऱ्हायाला पायजे मग."

मी पैसे भरायला घेतले, पण डोळ्यांपुढचे आकडे नीट दिसेनात. दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. मामांनी माझ्या पाठीवर डावा हात ठेवला.

"सावकाश भरा," ते म्हणाले. "आता गडबड न्हाई."